बॅगपाइपची परिभाषा: नर माशी, लगाम, मसाला आणि बोकड

चँटरधारी (धागाकर्ता)

सप्रेम नमस्कार.

मी ग्लासगोमध्ये राहतो आणि गेली चार वर्षे हायलँड बॅगपाइप शिकत आहे. साताऱ्याला माझा भाचा यंदा शाळेच्या पाइप बँडमध्ये दाखल झाला. त्याला वाद्याची ओळख मराठीतून व्हावी म्हणून मी एक टिपणवही लिहायला घेतली आणि पहिली चार पाने फोनवर वाचून दाखवली. तो इतका हसला की मला वाचन थांबवावे लागले. मी वाचत होतो ते वाक्य असे होते: "पिशवीला आधी मसाला लावावा, मग तिन्ही नर माश्या एका सुरात आणाव्यात, आणि एखादी माशी फार हवा खात असेल तर तिचा लगाम जिभेच्या टोकाकडे सरकवावा." यातला एकही शब्द मी पदरचा घातलेला नव्हता. वादक रोज जे इंग्रजी शब्द उच्चारतात त्यांचे सरळ मराठी रूप तेवढे मी केले होते.

ज्यांनी हे वाद्य जवळून पाहिलेले नाही त्यांच्यासाठी थोडी ओळख देतो. हायलँड बॅगपाइपला एक कातडी पिशवी असते आणि ती डाव्या काखेत धरतात. तोंडाने फुंकण्याच्या नळीतून पिशवीत हवा भरली जाते, बोटांनी वाजवायच्या नळीतून, म्हणजे चँटरमधून, धून निघते आणि खांद्यावर टेकलेल्या तीन नळ्या अखंड एकच सूर धरून ठेवतात. या तीन नळ्यांना ड्रोन म्हणतात. दोन टेनर ड्रोन चँटरच्या आधारसुराच्या एक सप्तक खाली बोलतात आणि उंच असलेला बास ड्रोन दोन सप्तके खाली बोलतो. इंग्रजीत ड्रोन म्हणजे मधमाश्यांमधला नर, आणि त्याच्या गुणगुणण्यावरूनच अखंड सुरालाही ते नाव मिळाले.

आता लगाम. प्रत्येक ड्रोनच्या मुळाशी बोरूची किंवा हल्ली कृत्रिम पदार्थाची एक पत्ती असते. तिचा कापून मोकळा केलेला भाग कंप पावतो आणि त्याला जीभ म्हणतात. जिभेभोवती दोऱ्याचा किंवा रबराचा जो वेढा असतो त्याला घोड्याच्या लगामाचेच नाव आहे. वेढा पुढे सरकवला की जिभेचा मोकळा भाग आखूड होतो, सूर चढतो आणि हवा कमी लागते. मागे ओढला की उलट घडते. उधळणाऱ्या जिभेला आवर घालणारी वस्तू ती लगाम, हे एकदा समजले की कोणत्या दिशेला काय होईल ते पाठ करावे लागत नाही. बोरूची पत्ती भर वाजवण्यात मिटून बसते तेव्हा जुने वादक जिभेखाली डोक्याचा एक केस सरकवतात. माझ्या भाच्याला हे खोटे वाटले, म्हणून मी त्याला छायाचित्र पाठवले.

मसाल्याचीही तीच गोष्ट. मेंढीच्या कातड्याच्या पिशवीत आतून जे चिकट द्रव्य ओततात त्याला इंग्रजीत सीझनिंग म्हणतात, आणि स्वयंपाकघरातही हाच शब्द चालतो. ते कातड्याची छिद्रे आणि शिवण बुजवते, तसेच श्वासातला ओलावा शोषून घेते. पूर्वी लोक ते घरीच करत, आणि त्यात मध, काकवीसारखा पाक, अंड्याचा पांढरा बलक असे पदार्थ जात. म्हणजे नाव मसाल्याचे आणि सामग्रीही स्वयंपाकघरातली.

माझा प्रश्न असा आहे की या शब्दांचे मराठीकरण करावे, की मूळ शब्द ठेवून अर्थ समजावून द्यावा? मुलांना हसू येते, ते मला हवेच आहे, कारण हसताना ऐकलेला शब्द माझ्या भाच्याच्या मनात पक्का बसला. परंतु हसून सोडून द्यावे असे मला वाटत नाही. प्रत्येक गमतीच्या शब्दात वाद्याची रचना सांगितलेली आहे. आपल्या सूचना हव्यात.

सनईप्रेमी

धागा फार आवडला. ड्रोन या शब्दाविषयी माझा अनुभव सांगतो. आमच्या गावाकडे आता ड्रोन म्हटले की उसावर औषध फवारणारे यंत्र डोळ्यांपुढे येते. बॅगपाइपला तीन ड्रोन असतात असे मी घरी सांगितले तेव्हा धाकट्या भावाने अत्यंत गांभीर्याने विचारले की एकावेळी किती एकर होते. त्याचा प्रश्न वरवर वाटतो तितका भलता नाही, कारण उडणाऱ्या यंत्राचे नावही त्याच नर माशीवरून आलेले आहे. वाद्यातला ड्रोन आणि शेतातला ड्रोन हे एकाच पोळ्यातले भाऊ आहेत.

मराठीकरणाबाबत माझे मत असे की ड्रोनला नर माशी म्हणू नये. आपल्याकडे सनईच्या जोडीला दुसरा वादक केवळ सूर धरून बसतो, आणि त्याच्या वाद्यालाही सूर असेच म्हणतात. तेव्हा "दोन मध्यम सूरनळ्या आणि एक खर्जाची सूरनळी" असे लिहिले तर साताऱ्याच्या मुलाला एका क्षणात कळेल. माशीची हकीकत कंसात न टाकता गोष्ट म्हणून सांगावी. लगाम मात्र तसाच ठेवा, त्याहून चांगला शब्द मला सुचत नाही.

शब्दवेल्हाळ

सनईप्रेमी यांच्या माशीला मी आणखी एक माशी जोडतो. फ्रेंचमध्ये अखंड सुराच्या नळीला बुर्दाँ म्हणतात आणि बुर्दाँ म्हणजे भुंगा. दोन शेजारी भाषांनी एकाच आवाजासाठी दोन वेगळे किडे निवडले, पण दोघांच्याही कानांनी ऐकले ते सारखेच. स्पेनच्या गालिसिया प्रांतात या नळीला रोंकोन म्हणतात. त्या शब्दाच्या कुळात घोगरेपणा आहे आणि घोरणेही आहे. त्याच वाद्याला कधी एक छोटी उंच सुराची नळी जोडतात, तिला चियोन, म्हणजे किंचाळणारा, असे नाव आहे. एकाच पिशवीवर एक घोरतो आणि दुसरा किंचाळतो, हे चित्र ज्या गावकऱ्यांनी प्रथम शब्दांत पकडले त्यांच्या कानाला दाद द्यावीशी वाटते.

पिशवीवरून पडलेली नावे तर याहून रसाळ आहेत. कॅटलोनियातल्या बॅगपाइपला साक द जेमेक्स म्हणतात, त्याचा अर्थ कण्हण्याची पिशवी. फ्रान्सच्या ओव्हेर्न्य भागातल्या वाद्याचे नाव काब्रेत, म्हणजे लहान शेळी. दक्षिणेकडे लांगदोकमध्ये त्याला क्राबा, म्हणजे सरळ शेळीच म्हणतात. जर्मन भाषेतले बोक आणि पोलिश भाषेतले कोझिओउ या दोन्ही नावांचा अर्थ बोकड. यांपैकी काही वाद्यांची पिशवी केसाळ बाजू बाहेर ठेवून शिवलेली असते आणि चँटरच्या मुळाशी लाकडात कोरलेले बोकडाचे डोके बसवलेले असते. ज्या प्राण्याने पिशवी दिली त्याची मुद्रा आणि नाव वाद्यावर राहिले. मला यात विनोद दिसतो तेवढीच कृतज्ञताही दिसते.

स्पॅनिश बोलण्यात तर हे वाद्य संसारात शिरले आहे. "गायता सुरात लावणे" या अर्थाच्या वाक्प्रचाराचा खरा अर्थ रुसल्या-फुगल्या माणसांची समजूत काढत बसणे असा आहे, आणि कटकटीच्या कामाला नुसते गायता म्हणतात. ज्याने तीन नळ्या एकमेकींशी आणि त्या तिन्ही चँटरशी जुळवण्यात अर्धा तास घालवला आहे, त्याला हा वाक्प्रचार समजावून सांगावा लागणार नाही.

निवृत्त सुभेदार

मी सैन्यात असताना आमच्या पलटणीच्या पाइप बँडमध्ये वाजवत असे. आपल्या देशात हे वाद्य परके राहिलेले नाही. दर वर्षी 29 जानेवारीला दिल्लीच्या विजय चौकात बीटिंग रिट्रीटला पाइप आणि ड्रमचे बँड सर्वांनी पाहिलेले आहेत, आणि उत्तराखंडात मशकबीन या नावाने ते लग्नाच्या वरातीत वाजते. मशक म्हणजे पाण्याची कातडी पिशवी. मराठीत त्याच पिशवीला आपण पखाल म्हणतो. तेव्हा पिशवीसाठी शब्द शोधत बाहेर जाण्याचे कारण नाही.

मला चुकांच्या नावांविषयी लिहायचे आहे, कारण नवशिक्याचा खरा संबंध त्यांच्याशी येतो. एका सुरावरून दुसऱ्यावर जाताना सगळी बोटे एका क्षणी उचलली-टेकली नाहीत की मध्येच एक भलता सूर डोकावतो, त्याला क्रॉसिंग नॉइज म्हणतात. आम्ही त्याला "चौकातला गोंधळ" म्हणत असू, आणि ते बरोबरच होते, कारण काही बोटे निघालेली आणि काही अजून पोहोचायची अशी ती स्थिती असते. वाजवणे सुरू करताना पखाल अर्धी भरून तिच्यावर तळहाताने थाप मारतात, म्हणजे ड्रोन एकदम जागे होतात. या क्रियेचे इंग्रजी नावच मुळी "आत मारणे" असे आहे. थाप जोरात पडली तर चँटरही आधीच ओरडतो आणि सगळ्या बँडची शोभा जाते. सुरू होण्याआधी चँटरचा ई हा सूर निसटला तर त्याला "लवकर आलेला ई" म्हणतात. शेवटी सगळे थांबल्यावरही एखाद्याचा ड्रोन घरंगळत राहिला तर परीक्षक ते टिपून ठेवतो. मी शिकवत असताना मुलांना सांगत असे की पाहुणा वेळेआधी आला तरी पंचाईत आणि वेळेनंतर रेंगाळला तरी पंचाईत. मुले हसत, आणि पुढच्या वेळी हात आपोआप सांभाळून पडे.

आणखी एक गोष्ट. श्वासातला ओलावा पत्तीपर्यंत पोहोचला की आवाज गुळण्या केल्यासारखा येतो. त्यावर उपाय म्हणून पखालीत एक डबी बसवतात. तिच्यातले पाणी शोषणारे खडे संपले की अनेक वादक त्याऐवजी मांजराच्या शौचपेटीत घालतात ते सिलिकाचे खडे भरतात. ते कोरे असतात आणि काम चोख करतात. दुकानात "मांजर कोणते आहे?" असे विचारले तर "बॅगपाइपसाठी हवेत" हे उत्तर निःसंकोच द्यावे.

काळी पाच

सुरांच्या नावांची गंमत अजून कोणी सांगितली नाही म्हणून लिहितो. मी पेटी वाजवतो. बॅगपाइप वाजवणाऱ्या एका मित्राने मला सांगितले की त्याचा आधारसूर ए आहे, म्हणून मी पांढरी सहा धरली. दोघांचे मिळून जे काही झाले ते सांगण्याजोगे नाही. पांढरी सहाची कंपनसंख्या 440 असते आणि त्याच्या चँटरचा ए 475 ते 480 च्या आसपास होता. काळी पाच 466 च्या जवळ येते, म्हणजे त्याचा ए काळी पाचच्याही वर बसलेला होता. वाद्य काही बिघडलेले नव्हते. हायलँड बॅगपाइपचा सूर गेल्या दीडशे वर्षांत हळूहळू चढत गेला, पण नाव मात्र जुन्याच घरी राहिले.

पुढची गोष्ट याहून मजेची आहे. बॅगपाइपच्या लिखित स्वरलिपीत सी आणि एफ यांच्यापुढे चढे स्वर दाखवणारी खूण बहुतेक वेळा लिहीतच नाहीत, आणि तरीही ते दोन्ही चढेच वाजतात, कारण चँटरवर दुसरा पर्यायच नाही. एकूण नऊ सूर असतात आणि त्यांच्यापलीकडे काही नाही. आधारसुराला सा म्हटले तर सा रे ग म प ध, कोमल नी, वरचा सा, आणि खाली आणखी एक कोमल नी असा साठा मिळतो. हा आपला खमाज थाट आहे. आपल्या भाच्याला ए, बी, सी शिकवण्यापूर्वी खमाजची सरगम म्हणायला लावा. त्याचे कान आधी तयार होतील, आणि मग नावांचा घोळ त्याला घोळ न वाटता कोडे वाटेल.

पढंत

माझा एक नम्र आक्षेप आहे. वरच्या प्रतिसादांत इंग्रजी, फ्रेंच आणि स्पॅनिश शब्दांची गंमत आली, पण या वाद्याची अभिजात परिभाषा स्कॉटलंडच्या गेलिक भाषेतली आहे. परक्याच्या कानाला ती विचित्र वाटते म्हणून तिच्यावर हसणे योग्य होणार नाही. गेलिक भाषकाला आपला शब्द हास्यास्पद वाटत नाही, जसा आपल्याला तिहाई किंवा चक्रदार वाटत नाही. तिथल्या अभिजात संगीताला क्योल मोर, म्हणजे मोठे संगीत, म्हणतात, आणि मार्च, स्ट्रॅथस्पे, रील यांसारख्या हलक्या चालींना क्योल बेग, म्हणजे छोटे संगीत. बडा ख्याल आणि छोटा ख्याल ऐकत वाढलेल्या माणसाला हे परके वाटायला नको. मोठ्या संगीतातल्या रचनेचा मूळ विस्तार ज्याला उर्लार म्हणतात त्याचा अर्थ जमीन, आणि पुढची सगळी अलंकारिक रूपे त्या जमिनीवर उभी राहतात. या संगीताचे प्रसिद्ध नाव पीब्रॉख, आणि त्याचा मूळ अर्थ केवळ "पाइप वाजवणे" इतकाच आहे. लिहिताना मात्र त्यात जी अक्षरे येतात त्यांपैकी निम्मी उच्चारात सापडत नाहीत, हे मान्य करतो.

आता ज्या गोष्टीसाठी मी लिहायला बसलो ती सांगतो. पीब्रॉख शिकवताना गुरू ते तोंडाने म्हणून दाखवतो. त्या बोलांना कँटारॅख्ट म्हणतात. हिहारिन, होड्रोहो असे ते बोल असतात. स्वराक्षराने मुख्य सूर कळतो आणि व्यंजनांनी त्याच्याभोवतीचे अलंकार कळतात. नेदर लॉर्न येथील कॉलिन कॅम्पबेल यांनी 1797 मध्ये असे बोल लिहून ठेवलेले हस्तलिखित आजही अभ्यासले जाते. ते वाचणाऱ्या परक्या माणसाला वाटते की हे लहान मुलाशी बोबडे बोलणे असावे. तबल्याच्या शिष्याला मात्र तसे वाटणार नाही, कारण धिरधिर किटतक तोंडाने म्हणत तो लहानाचा मोठा झालेला असतो. मी पहिल्यांदा एका वृद्ध वादकाला होड्रोहो म्हणताना ऐकले तेव्हा माझ्या चेहऱ्यावर हसू आले, आणि ते घरचे माणूस अचानक परगावी भेटल्याचे होते.

चँटरधारी (धागाकर्ता)

पढंत यांचा आक्षेप मी मनापासून स्वीकारतो. गेलिक शब्दांचे पान मी वेगळे करीन आणि त्यावर एकही थट्टेचे वाक्य ठेवणार नाही. बोलांविषयीचा परिच्छेद मात्र जसाच्या तसा घ्यावा अशी परवानगी मागतो.

अलंकारांच्या नावांबद्दल थोडे. चँटरमध्ये हवेचा प्रवाह वाजवताना थांबवता येत नाही, त्यामुळे एकच सूर दोनदा वाजवायचा तर मध्ये दुसरा सूर चिमटीएवढा घालावा लागतो. या गरजेतून अलंकारांची सगळी फौज तयार झाली आणि त्यांची नावे मल्लविद्येतली वाटतात. एकाला ग्रिप, म्हणजे पकड, म्हणतात. दुसऱ्याला डी वरचा थ्रो, म्हणजे फेक, म्हणतात, आणि त्यात पुन्हा जड फेक आणि हलकी फेक असे भेद आहेत. करंगळीने खालच्या सुरावर झपाट्याने दोनदा मारायच्या अलंकाराचे नाव बर्ल, आणि स्कॉट्स भाषेत त्याचा अर्थ गरगर फिरणे. माझी करंगळी गरगर फिरायला तब्बल आठ महिने लागले. या अलंकारांना मी पकड, फेक आणि गिरकी असे लिहिले आहे, आणि भाच्याने ते शब्द बँडमधल्या मित्रांना शिकवले आहेत.

डब्लिनची पाऊसधारा

आयर्लंडच्या वतीने दोन शब्द. इथल्या वाद्याला इलिन पाइप म्हणतात. इलिन म्हणजे कोपराचा. ते बसून वाजवतात आणि तोंडाने फुंकत नाहीत. उजव्या कोपराने भाता चालवतात, डाव्या कोपराने पखाल दाबतात, बोटे चँटरवर असतात आणि मनगटाच्या कडेने रेग्युलेटर नावाच्या नळ्यांच्या किल्ल्या दाबून साथीचे सूर काढतात. चँटरचे खालचे तोंड मांडीवर टेकवून बंद करता यावे म्हणून मांडीला चामड्याचा तुकडा बांधतात, त्याला पॉपिंग स्ट्रॅप म्हणतात. प्रथम पाहणाऱ्याला वाटते की माणूस एकाच वेळी लोहाराचे आणि शिंप्याचे काम करीत आहे.

याच वाद्याच्या नावाची कथा परिभाषेच्या विनोदातली सर्वात मोठी असावी. अठराव्या शतकाच्या अखेरीस त्याला युनियन पाइप म्हणत. विसाव्या शतकाच्या सुरुवातीला ग्रॅटन फ्लड या संगीत इतिहासकाराने ठरवले की मूळ नाव इलिनच असले पाहिजे, आणि पुरावा म्हणून शेक्सपिअरचा आधार दिला. मर्चंट ऑफ व्हेनिस या नाटकात लोकरीच्या बॅगपाइपचा उल्लेख आहे. इंग्रजीत लोकरीचा म्हणजे वुलन, आणि फ्लड यांच्या मते तो इलिनचाच अपभ्रंश होता. अभ्यासकांनी हा तर्क केव्हाच बाजूला सारला, कारण शेक्सपिअरच्या काळी हे वाद्य आजच्या रूपात नव्हतेच. नाव मात्र इतके गोड ठरले की आज जगभर तेच चालते. नाव लागले कसे ते चुकीचे, पण अर्थ अगदी अचूक, कारण सारे काम खरोखरच कोपराचे आहे.

स्कॉटलंडमध्येही भात्यावर चालणाऱ्या पाइप आहेत. त्यांना तिथे "थंड वाऱ्याच्या पाइप" म्हणतात. भात्यातली हवा श्वासासारखी उष्ण आणि दमट नसते, त्यामुळे पत्त्या कोरड्या राहतात आणि वर सुभेदारसाहेबांनी सांगितलेल्या मांजराच्या खड्यांची गरज पडत नाही.

सनईप्रेमी

मग आपल्या यादीत आता पखाल, भाता, सूरनळी, लगाम, जीभ, मसाला, पकड, फेक आणि गिरकी एवढे शब्द पक्के झाले. चँटरला काय म्हणायचे? मूळ अर्थ गाणारा असा आहे. "गाती नळी" कसे वाटते?

चँटरधारी (धागाकर्ता)

गाती नळी फार सुंदर आहे, घेतली.

एक शब्द उरला होता आणि त्याचा निर्णय परवा आपोआप झाला. सरावासाठी एक साधे वाद्य वापरतात. त्यात पखाल असते, फुंकनळी असते आणि सरावाची गाती नळी असते, पण सूरनळ्या अजिबात नसतात. पखालीवर दाब एकसारखा ठेवणे शिकण्यासाठी त्याचा उपयोग होतो, आणि सूरनळ्या नसल्याने त्याचा आवाज शेजारच्या खोलीतही त्रास देत नाही. पूर्ण वाद्याचा आवाज 100 डेसिबलच्या वर जातो हे लक्षात घेतले तर या वाद्याचे मोल कळेल. इंग्रजीत त्याला गूस, म्हणजे बदकाचा मोठा भाऊबंद, असे म्हणतात. मी वहीत "बदक" लिहून ठेवले होते आणि ते मला रुचत नव्हते.

परवा भाचा फोनवर सरावाबद्दल बोलत होता. माझी आई, म्हणजे त्याची आजी, शेजारीच पोळ्या लाटत होती. तिने त्याला विचारले, "काय म्हणालास, गूज? दार लावून हळूच वाजवायचे म्हणून गूज का?" भाच्याने क्षणभर विचार केला आणि "हो आजी, तेच," असे उत्तर दिले. मीही बदक खोडून वहीत गूज लिहिले आहे. सुभेदारसाहेब, आपण मुलांना शिकवताना हा शब्द वापरून पाहाल का?

निवृत्त सुभेदार

रविवारी सकाळी सात मुले येतात. पहिला तास गुजावरच घेतो आणि सोमवारी इथे लिहितो.